कार्डावर एक, आत दुसरंच

पुन्हा तेच! ठाण्यात गोखले रोडला कुणासोबतही लॅपटॉप घ्यायला जा, किमतीच्या कार्डावर ठळक अक्षरांत 'आयरिस एक्सई ग्राफिक्स', म्हणजे पडद्यावरची चित्रं, व्हिडिओ हाताळणारा चिपचा भाग. घरी आणून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे आतल्या भागांची विंडोजमधली यादी, उघडलं की कमी वेगाचं 'यूएचडी ग्राफिक्स'. दुकानात विचारलं तर, "साहेब, दोन्ही सेमच असतं."

सेम कसं असेल? इंटेलचं आयरिस एक्सई त्या नावानं चालायला रॅम, म्हणजे लॅपटॉपची कामापुरती मेमरी, ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे एकाच वेळी दोन वाटांनी चालणारी, लागते. रॅमची आठ जीबीची एकच पट्टी बसवली की तीच चिप यूएचडी म्हणून दिसते आणि वेगही घटतो. या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसतेच, ती रॅममधूनच घेते. आणि ही अट कुठे? माहितीपत्रकाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. व्हिडिओ एडिटिंग शिकायला निघालेल्या पोरीच्या बापानं ती कशी शोधायची? हप्त्यावर घेतोय तो बिचारा!

पैसे देण्याआधी मशीन चालू करून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये रॅमच्या पट्ट्यांच्या किती जागा (स्लॉट) भरल्यात ते बघू द्या म्हटलं, तर "सील तोडलं की परत घेणार नाही". मग माणसानं तपासायचं तरी कधी? किमतीच्या कार्डावर एवढंच छापा ना, रॅम सिंगल चॅनेल की ड्युअल. एका ओळीची जागा लागते!