गढूळ पाण्याची तक्रार करण्यापूर्वी

मुंबईत नळाला गढूळ किंवा उग्र वासाचे पाणी आले, तर सुजाण नागरिकाने सर्वप्रथम स्वतःच्या नाकावर संशय घ्यावा. सात तलावांतून येणारे बहुतांश पाणी भांडुप आणि पांजरापूर येथील केंद्रांत निवळून, गाळून आणि क्लोरीन घालून शहराकडे निघते, आणि तेथून निघताना ते शुद्धच असते. शिवाय २०१९ साली भारतीय मानक ब्यूरोने राज्यांच्या राजधान्यांतील नळाचे पाणी तपासले, तेव्हा मुंबईचा क्रमांक पहिला आला होता. त्या निकालाची प्रत चौकट करून स्वयंपाकघरात टांगावी आणि पेला तोंडाला लावताना नजर तिच्यावरच ठेवावी.

एवढ्यानेही मन निवत नसेल, तर त्याच ब्यूरोचे आयएस १०५०० हे मानक वाचावे. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू अजिबात आढळू नये, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. एवढेच, की सार्वजनिक नळपुरवठ्यासाठी हे मानक पाळणे ऐच्छिक आहे. ज्या पुरवठ्यात शुद्धता ऐच्छिक असते, त्याच्या ग्राहकाने आपली पचनशक्तीही त्याच भावनेने वापरायला हवी.

पाणी वाटेत का बिघडते, हे समजून घेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण ते फार सहज समजते. आपल्याकडे पाणी दिवसातले काही तास सोडले जाते. चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला की वाहिनीतला दाब उतरतो, आणि शेजारून गटार किंवा मलवाहिनी जात असेल, तर सैल सांध्यांतून आणि गंजलेल्या छिद्रांतून तिच्यातले पाणी आत ओढले जाते. पुन्हा पुरवठा सुरू झाला की पहिल्या लोंढ्याबरोबर ते आपल्या हंड्यात येते. चाळीत आणि वस्तीत ही पहिली बादली ओतून देण्याची रीत आहे. अशा ओतलेल्या बादल्यांची मोजणी कोणत्याही खात्यात होत नाही, आणि जे मोजले जात नाही त्याविषयी खुलासा मागणे शिष्टाचाराला धरून नाही.

तरीही तक्रार करायचीच असेल, तर महापालिकेचा १९१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तक्रारीनंतर पाहणीसाठी माणूस कार्यालयीन वेळेत येईल. आपले पाणी पहाटे येऊन गेलेले असेल. आपण बाटलीत भरून ठेवलेला नमुना ग्राह्य धरला जाणार नाही, आणि निर्जंतुक बाटलीतच नमुना घ्यावा लागत असल्याने त्यात शास्त्राच्या दृष्टीने काही चूकही नाही. तेव्हा जिवाणूंनाच सकाळी अकरानंतर हजर राहण्याची विनंती करावी.

त्यानंतर जबाबदारी निश्चित करावी. जलवाहिनी जल अभियंता खात्याची, मलवाहिनी मलनिःसारण खात्याची, पावसाचे पाणी वाहून नेणारे गटार पर्जन्य जलवाहिन्या विभागाची, आणि मीटरच्या पलीकडचे सारे आपल्या सोसायटीचे. इमारत जुनी उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी असेल, तर घरमालक आणि म्हाडाचे दुरुस्ती मंडळ यांच्यामध्ये उभे राहून वाट पाहावी. घर अनधिकृत वस्तीत असेल, तर काळजीच नको. त्या रहिवाशांनाही पाण्याचा हक्क आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्येच सांगितले आहे. गटारातून नेलेली रबरी नळी तोंडाला लावताना त्या निकालाचे स्मरण ठेवावे.

दरम्यान ‘पाणी उकळून व गाळून प्यावे’ हे आवाहन प्रसिद्ध झाले, तर त्याचा प्रशासकीय अर्थ ध्यानात घ्यावा. शुद्धीकरणाचा शेवटचा टप्पा त्या दिवसापासून आपल्या शेगडीवर आलेला असतो. सिलिंडर आपला, भांडे आपले. ज्यांना परवडते ते शुद्धीकरण यंत्र बसवून हा टप्पा कायमचाच घरी आणतात, आणि मग त्यांच्या तक्रारी थांबतात. महापालिका ज्याचे ऐकते तो वर्ग असा आपल्या खर्चाने गप्प बसला की उरलेल्यांचा आवाज आपोआप बेताचा होतो. आपणही पोटाला ताण देऊन ते यंत्र घ्यावे. आकडेवारीचे वेड असल्यास वार्षिक पर्यावरण सद्यस्थिती अहवाल पाहावा. दूषित नमुन्यांचे शहराचे सरासरी प्रमाण गल्लीच्या पाण्यापेक्षा नेहमीच देखणे दिसते. म्हणून आजारी पडायचेच असल्यास सरासरीने पडावे.

नगरसेवकाला विचारावे, असे कोणी सुचवील. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर काही वर्षे नगरसेवकच नव्हते आणि त्या काळातही नळ चालूच होते, हे त्याला नम्रपणे सांगावे.

एवढे करूनही गळती नेमकी सापडलीच, तर ती बहुधा नुकत्याच काँक्रिट केलेल्या रस्त्याखाली असेल आणि नवा रस्ता लगेच फोडता येत नाही. त्या रस्त्याला तडा गेल्यास कोणी, किती वर्षांपर्यंत आणि स्वखर्चाने तो दुरुस्त करायचा, हे कंत्राटात लिहिलेले असते. त्याखालून आपल्या पेल्यात आलेल्या पाण्यासाठी असा कोणताही दोषदायित्व कालावधी नसल्याने आतड्यांची दुरुस्ती जवळच्या दवाखान्यात स्वतःच करून घ्यावी. तिथली पावती पाणीपट्टीच्या बिलाला टाचून ठेवावी, म्हणजे पाण्याचा खरा दर एकाच जागी सापडेल.