कुरकुर म्हणजे अविश्वास नव्हे
लेख चांगला आहे, पण त्यातलं ‘खरा विश्वासणारा (देवावर श्रद्धा ठेवणारा ख्रिस्ती) संकटात कुरकुर करत नाही’ हे काही पटलं नाही. बायबलमधला नीतिमान ईयोब बघा: संकटं कोसळल्यावर राखेत बसून खापरीने अंग खाजवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या जन्मदिवसालाच शाप दिला, देवाशी वाद घातला. आणि शेवटी देव रागावला कोणावर? उपदेश पाजणाऱ्या मित्रांवर! (पहिले सात दिवस ते गप्प बसले होते, तेच बरं होतं.) येशूचा प्रेषित पौल याने तीनदा विनवणी केली तरी ‘शरीरातला काटा’ (त्याला छळणारा त्रास) गेला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर मिळालं. बायबलमधलं 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे. आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘तुझाच विश्वास कमी पडतोय’ म्हणणाऱ्यांना हे कोणी सांगायचं?