दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: चटणीच्या पाकिटाचं चित्र

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू आला त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. बरं झालं पाठवलं नाही, भांडणच झालं असतं. आता आठ दिवसांनी लिहितोय. बाकीच्या वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची तक्रार आधी सांगतो. शेंगा चटणीच्या पाकिटासाठी चित्र हवं होतं, मी महिना सांगितला आणि अडीच महिने लावले. फोन उचलले नाहीत. मोबाइलवर लालभडक दिसणारी चटणी पाकिटावर विटकरी छापून आली. बदलांचे वेगळे पैसे घेतले. आणि शेवटचं वाक्य, "एका वेळी दहा जणांची कामं घेतात, एकाचंही धड करत नाहीत."

उशीर झाला, आणि तो सगळा माझ्यामुळे. तुम्ही जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आलात. जुलै ते सप्टेंबर म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. दिवाळी अंकांची चित्रं याच दिवसांत होतात. मराठीत 1909 पासून दिवाळी अंक निघतायत, पण लेखकाची कथा वेळेवर आल्याचं मी अजून बघितलं नाही. कथा पंधरा दिवस उशिरा येते, अंक छापायला जायची तारीख तीच राहते, आणि ते पंधरा दिवस चित्रकाराच्या वाट्यातून जातात. त्यातच गणपती. लेझीमवाल्या मंडळांचे टी-शर्ट: दोनच रंग, प्रत्येक रंगाची छपाईची जाळी वेगळी, आणि मिरवणूक काही पुढं ढकलता येत नाही. हे दरवर्षीचं आहे, मला पाठ आहे. तरी तुम्हाला "महिन्यात देतो" म्हणालो, कारण दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायला जीव धजत नाही. जुलैत तुम्हाला दसऱ्यानंतरची तारीख द्यायला हवी होती. तुम्ही गेला असता दुसरीकडे, पण बचत गटाच्या प्रदर्शनात कोऱ्या पाकिटावर पेनानं नाव लिहून चटणी विकायची वेळ आली नसती. ते मला रिव्ह्यूतूनच कळलं. वाचून वाईट वाटलं.

आता दहा कामांचं. खरं आहे, घेतो. त्या दिवशी माझ्या टेबलावरच्या बारीक चौकटींच्या कागदाकडं बघून तुम्ही "हे काय गणित चाललंय?" असं विचारलं होतं, आठवतं? तो टॉवेल कारखान्याचा ग्राफ होता. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर काय विणायचं ते असं चौकटीत भरावं लागतं. भरलेली चौकट म्हणजे तिथला ताण्याचा (उभा) धागा उचलायचा, रिकामी म्हणजे खाली ठेवायचा. पूर्वी त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायचे, आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला थेट फाइल जाते. मोराच्या मानेचा बाक एका चौकटीनं चुकला तर तो चुकलेला मोर शेकडो टॉवेलांवर विणला जातो. सोलापूरच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत वाढलो, हातात पेन्सिल आली ती याच कामानं. तो ग्राफ करणारा हात आणि तुमच्या पाकिटावरची बाई काढणारा हात एकच आहे, पण सकाळी एक आणि दुपारी दुसरं करायचं तर डोकं जागेवर यायला वेळ जातो. तो वेळ मी हिशोबात धरत नाही, ही माझी जुनी खोड.

एकाच प्रकारचं काम का घेत नाही? कारण एकावर घर चालत नाही. अंकाचं मानधन अंक निघाल्यावर, म्हणजे कधीकधी संक्रांतीला, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू झाली की हातात पडतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आहे माझी. छोट्या धंद्याचे पैसे 45 दिवसांच्या आत चुकते करायचे, असा 2006 सालचा कायदा आहे. पण ज्याला कायदा दाखवाल तो पुढच्या वर्षी फोन करत नाही. मग टॉवेलवाला दर महिन्याला देतो त्यावर वीजबिल, लग्नपत्रिकेवर किराणा, असं चालतं. यात तुमचा काही दोष नाही आणि त्याची झळ तुम्हाला बसायला नको होती.

"धड करत नाहीत" हे मात्र मान्य नाही. पहिल्या स्केचमध्ये मी उखळात लाल भुगा दाखवला होता. तुम्ही म्हणालात, "ही मिक्सरची झाली. कुटलेल्या चटणीला तेल सुटतं, ती गोळा धरते." बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मावशीकडं जाऊन उखळाशेजारी बसलो, मुसळाच्या टोकाला चटणी कशी चिकटते ते बघितलं, आणि ते चित्र तीनदा नव्यानं काढलं. त्याचा एक रुपया लावला नाही, कारण चूक माझी होती.

रंगाचं थोडं सविस्तर सांगतो, इतरांच्याही कामाला येईल. मोबाइलचा लाल हा उजेडाचा लाल असतो, कागदावर तेवढा भडक कधीच उतरत नाही. तरी पांढऱ्या पाकिटावर तुमची चटणी लालच दिसली असती. ऐनवेळी तुम्ही पांढरं सोडून खाकी क्राफ्ट कागदाचं पाकीट घेतलंत. दिसतं छानच, पण खाकीवर थेट शाई मारली की खालचा तपकिरी रंग वर येतो आणि लालाची वीट होते. तिथं आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो आणि फाइलमध्ये त्याचा वेगळा लेअर लागतो. पाकीट बदलल्याचं तुम्ही मला कळवलं नाही. पण काम घेताना मी माप विचारलं, मजकूर विचारला, हिरव्या ठिपक्याची खूण कुठं टाकायची तेही विचारलं, आणि पाकीट कशाचं हे विचारलं नाही. हे विचारणं माझं काम होतं.

म्हणून बदलांचे जे तीन वेळचे प्रत्येकी 500 रुपये लावले, त्यातले "लाल उजळ करा"चे 500 परत करतोय. ते घ्यायलाच नको होते. बाकीचे दोन ठेवतो. बदलांच्या दोन फेऱ्या कोटेशनमध्ये धरलेल्या होत्या, तसं लिहूनही दिलं होतं. फायनल झाल्यावर बाईच्या इरकल साडीचा रंग बदलणं आणि मागं सिद्धेश्वराचं मंदिर घालणं ही नवी कामं होती. मंदिर घातलं की तळं आलं, तळं आलं की बाईला डावीकडं सरकवावं लागलं. अर्धं चित्र पुन्हा झालं.

फोन उचलला नाही, त्यावर सफाई देत नाही. सकाळी 7 ते 11 मी फोन बाजूला ठेवतो, त्याशिवाय रेघ लागत नाही. (पाणी येतं त्या दिवशी ती सकाळ कशात जाते हे सोलापूरकरांना सांगायला नको.) पण दुपारी उलटा फोन करायचा असतो. तुमचे नऊ मिस्ड कॉल होते आणि मी एकदाच केला. काम झालं नसलं की फोन करायची लाज वाटते, आणि लाजेपायी आणखी उशीर होतो. आता हातातल्या कामांचा तक्ता भिंतीवर लावलाय, आणि दर शनिवारी प्रत्येकाला व्हॉट्सअ‍ॅपवर काम कुठवर आलं ते कळवतो, झालं नसलं तरी. तीन आठवडे जमलंय.

पांढऱ्या थराची फाइल तयार आहे, तिचे पैसे नाहीत. तुमच्याकडचं एक कोरं खाकी पाकीट घेऊन या, आपण दोघं प्रेसमध्ये जाऊन त्यावर नमुना काढून बघू. लाल तुमच्या मनासारखा आला तरच पुढची छपाई करा. मी दुपारी 12 नंतर असतो. 500 रुपये आज जीपेला पाठवलेत, आले का तेवढं कळवा.