लिफ्ट किट, वाकडं स्टीअरिंग आणि एका फॉरवर्डचा समाचार

भाच्याने मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, हे बरोबर आहे ना? रविवारी घरीच करून टाकतो.’ तो साताऱ्याला असतो. जिमनी, म्हणजे मारुतीची छोटी फोर-बाय-फोर, घेतलीय आणि नुकतंच तिला दोन इंची लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारं सामान, टाकलंय. स्प्रिंगा बदलल्या, शॉकअप बदलले, टायर मोठे चढवले. तेव्हापासून सरळ रस्त्यावर स्टीअरिंग वाकडं राहतं आणि हायवेला गाडी भरकटते. त्यावर उपाय म्हणून कुठल्याशा ग्रुपवरून हा मेसेज त्याच्यापर्यंत आला. वर दोन बाण, म्हणजे किती जणांनी पुढे ढकललाय ते विचारूच नका.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. दोन इंचांपर्यंतच्या लिफ्टला अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लागत नाही, ते दुकानदारांचे पैसे काढायचे धंदे आहेत. स्टीअरिंग वाकडं झालं तर मधला नट खोला, चाक सरळ करून परत बसवा, दहा मिनिटांचं काम. ऐंशीच्या पुढे थरथर आली तर स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे झटके जिरवणारा छोटा शॉकअप) बदला, विषय संपला. स्टीअरिंग हलकं झालं असेल तर उलट चांगलंच, हात दुखत नाहीत. टायरमधली हवा थोडी कमी ठेवा. आणि शेवटी, दोन इंचांना आरटीओ काही म्हणत नाही. ‘सर्व जिमनी आणि थारवाल्यांना पाठवा.’

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण भाचा रविवारी नेमकं तेच करायला निघाला होता.

स्टीअरिंग वाकडं का होतं ते आधी बघा. पुढे सॉलिड अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांमध्ये एकच अखंड आस, असलेल्या गाडीत (जिमनी त्यातलीच) स्टीअरिंग बॉक्स चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसतो आणि तिथून ड्रॅग लिंक नावाची दांडी तिरकी खाली येऊन चाकांना वळवते. लिफ्ट टाकलं की चासी वर गेली, अ‍ॅक्सल होता तिथेच राहिला. ड्रॅग लिंक जास्त तिरकी झाली. तिची लांबी तेवढीच, पण आडव्या अंगाने ती आता कमी पुरते. मग चाकं थोडी वळतात. रस्त्यावर चाकं सरळ ठेवायची तर तुम्हाला स्टीअरिंग वाकडं धरावं लागतं. म्हणजे दोष ड्रॅग लिंकच्या लांबीत आहे. तिथे आटे दिलेले असतात, लॉक नट सैल करून लांबी जुळवायची आणि नट परत आवळायचे. कंपनीने सोय करून ठेवलीय आणि हा मेसेजवाला सांगतो की स्टीअरिंगच उपटा!

उपटलं तर काय होईल? पहिली गोष्ट, त्या नटापर्यंत पोहोचायला मधली एअरबॅग काढावी लागते. बॅटरीची वायर काढून, थोडा वेळ थांबून, मगच तिला हात लावायचा असतो. हे मेसेजमध्ये एका शब्दाने नाही. एअरबॅगच्या मागे क्लॉक स्प्रिंग नावाची चपट्या वायरची गुंडाळी असते. हॉर्न आणि एअरबॅग दोन्हीचं कनेक्शन तिच्यातून जातं. ती मध्यापासून दोन्हीकडे मोजकेच फेरे फिरू शकते. तिचा मध्य चुकवून चाक बसवलंत की एखाद्या दिवशी पार्किंगमध्ये पूर्ण स्टीअरिंग मारताना ती तुटते. हॉर्न बंद, डॅशवर एअरबॅगचा दिवा, आणि अपघातात फुगा उघडेल याची खात्री गेली.

दुसरी गोष्ट बॉक्सची. जिमनीचा बॉक्स रीसर्क्युलेटिंग बॉल जातीचा. त्याची घडण अशी की अगदी मध्यावर दाते सर्वांत घट्ट बसतात आणि दोन्ही बाजूंना जरा मोकळे होतात, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. चाक उपटून सरळ लावलंत तर डोळ्यांना सरळ दिसतं, पण आतला बॉक्स मध्यापासून सरकलेलाच राहतो. मग तुम्ही हायवेला सगळा वेळ बॉक्सच्या ढिल्या भागावर गाडी चालवता. आधीच भरकटणारी गाडी आणखी भरकटणार. शिवाय एका बाजूला वळण जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी मिळतं, ते वेगळंच.

तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. या गाडीला ईएसपी आहे, म्हणजे घसरू लागलेली गाडी सावरणारी यंत्रणा. स्टीअरिंग किती फिरवलंय हे सांगणारा सेन्सर कॉलमच्या अंगाने काम करतो. ईएसपीचा कॉम्प्युटर त्याच्यावरून चालकाला कुठे जायचंय ते ठरवतो, दुसऱ्या सेन्सरवरून गाडी खरोखर कुठे चाललीय ते बघतो, आणि दोन्ही जुळलं नाही तर एखाद्या चाकाचा ब्रेक आपणहून दाबतो. चाक काढून सरळ लावल्याने तुमचे डोळे फसतात, कॉम्प्युटर फसत नाही. गाडी नाकासमोर चाललेली असताना सेन्सर म्हणतो, ‘चालक वळतोय.’ थोडाफार फरक काही गाड्या सांभाळूनही घेतात. पण पावसात खंबाटकीच्या उतारावर ती सांभाळून घेईल की नको तिथे ब्रेक मारेल, हा जुगार कशाला खेळायचा? ड्रॅग लिंक जुळवायची, मग स्कॅनर लावून सेन्सरचा शून्य नव्याने द्यायचा, काम झालं.

आता ‘अलाइनमेंट लागत नाही’. इथे मला नाइलाजाने अर्धं माप मेसेजच्या पदरात टाकावं लागतंय. सॉलिड अ‍ॅक्सलच्या गाडीत दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड अ‍ॅक्सलबरोबरच असतो. चासी वर गेल्याने कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) बदलत नाही, टोसुद्धा (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) फारसा हलत नाही. आणि आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत अलाइनमेंट म्हणजे टो जुळवणं, एवढंच. त्यामुळे ‘अलाइनमेंट करून आलो, काही फरक पडला नाही’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. त्यांचं बिघडलेलं होतं ते त्या माणसाने बघितलेलंच नसतं.

ते म्हणजे कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो. हात सोडले तरी सायकल सरळ जाते त्यात त्या कलण्याचा मोठा हात असतो. गाडीत तसाच कल चाकाच्या वळण्याच्या आसाला दिलेला असतो. मोजक्याच अंशांचा, पण वळण संपल्यावर स्टीअरिंगला आपणहून मध्यावर आणण्याचं बरंचसं काम तोच करतो. जिमनीत अ‍ॅक्सल धरणाऱ्या रेडियस आर्म मागे चासीला बिजागरासारख्या अडकवलेल्या असतात. अ‍ॅक्सल चासीपासून ५० मिलिमीटर खाली गेला की आर्मचं पुढचं टोक खाली झुकतं आणि अख्खा अ‍ॅक्सल पुढे कलंडतो. आर्मची लांबी पाऊण ते एक मीटर धरा आणि हिशोब करा, कोन तीन-चार अंशांनी फिरतो. मुळात जेवढा कॅस्टर होता त्यातला मोठा भाग त्यात गेला.

आणि म्हणूनच ‘स्टीअरिंग हलकं झालं तर चांगलंच’ हे वाचून माझा संताप झाला. ते हलकेपण म्हणजेच कॅस्टर गेल्याची खूण! वळणावरून बाहेर आल्यावर चाक हातात सरकत परत यायला हवं, ते जागेवर पडून राहतं. ट्रकच्या शेजारून जाताना वारा लागला की गाडी लेन सोडते आणि तुम्ही दर क्षणाला बारीक-बारीक दुरुस्त्या करत बसता. हात दुखत नाहीत म्हणे. साताऱ्याहून पुण्याला येईपर्यंत मान आणि खांदे दुखतात त्याचं काय?

उपाय साधा आहे. रेडियस आर्मला मध्य सरकवलेले कॅस्टर बुश (सांध्यात बसणारी लवचिक कडी) मिळतात. ऑस्ट्रेलियातले किट बनवणारे ते जिमनीसाठी मुद्दाम बनवून विकतात, काही जण किटबरोबरच देतात. ते प्रेसवर नीट दिशा बघून बसवावे लागतात, उलटे बसले तर उरलासुरला कॅस्टरही जातो. पाट्यांच्या जुन्या गाड्यांत, जिप्सीसारख्या, हेच काम पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घालून करतात. मिस्त्रींना ते पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

हे सगळं सॉलिड अ‍ॅक्सलचं झालं. मेसेजवाल्याने ‘जिमनी आणि थारवाले’ एकाच ओळीत बांधलेत आणि तिथे त्याचं उरलेलं अर्धं सत्यही संपतं. २०२०ची थार पुढून इंडिपेंडंट आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी टांगलेली, डबल विशबोन. तिला स्ट्रटवर स्पेसर ठेवून उचललंत की कॅम्बर बदलतो, टो बदलतो, अ‍ॅक्सल शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो. अलाइनमेंट न करता ती फिरवलीत तर नवे टायर एका कडेने सोललेले दिसतील. मग टायरच्या कंपनीला शिव्या देऊ नका.

थरथरीबद्दल. पुलाच्या जॉइंटवरून ऐंशीने जाताना अचानक पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी फडफडायला लागतात, स्टीअरिंग हातातून हिसकलं जातं आणि वेग उतरल्याशिवाय ते थांबत नाही. जीपवाले याला ‘डेथ वॉबल’ म्हणतात. डॅम्परच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे एक दाखला नेहमी तयार असतो: अमेरिकेत २०१९ साली रँग्लरच्या ग्राहकांना खुद्द कंपनीने नवा डॅम्पर मोफत बसवून दिला. खरं आहे, दिला. पण त्या गाड्यांच्या मालकांनी कोर्टात जाऊन तक्रार केली ती हीच, की डॅम्परने दुखणं बरं होत नाही, झाकलं जातं. आणि नव्या जिमनीत डॅम्पर कंपनीतूनच येतो. तो असतानाही चाकं फडफडत असतील तर ताकद कुठून येतेय ते शोधायला नको?

बहुतेक वेळा ती पॅनहार्ड रॉडपाशी सापडते. हा आडवा रॉड अ‍ॅक्सलला डावी-उजवीकडे सरकू देत नाही. लिफ्टनंतर तोही ड्रॅग लिंकसारखा तिरका होतो, म्हणून अ‍ॅक्सल काही मिलिमीटर एका बाजूला ओढला जातो. समोर उभं राहून बघा, पुढचं एक चाक बॉडीबाहेर जास्त दिसेल. पण फडफडीला कारण होतो तो त्याचा ढिला बोल्ट. तपासायला जॅक लागत नाही. गाडी चारही चाकांवर उभी, इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टीअरिंग थोडं-थोडं डावं-उजवं हलवायचं आणि दुसऱ्याने पुढे बसून टॉर्चच्या उजेडात रॉडची दोन्ही टोकं बघायची. बोल्ट आपल्या भोकात किंचितसा जरी टकटकला तरी काम आहे. खोललात की बहुतेकदा भोक गोल उरलेलं नसतं, लांबट झालेलं असतं. बोल्टवर एक घासून चकचकीत झालेला पट्टा आणि कडेला तांबूस भुकटी. अशा भोकात नवा डॅम्पर काय करणार?

त्यानंतर बघायचे ते नकलमधले, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्यातले, किंगपिन बेअरिंग, टाय रॉडचे एंड आणि चाकांचं बॅलन्सिंग. कंपनीच्या १९५/८० मापाच्या टायरच्या जागी जड टायर चढवून बॅलन्सिंगला पन्नास रुपये वाचवणारे महाभाग मी पाहिलेत. लिफ्ट टाकताना होणारी आणखी एक चूक: गाडी जॅकवर लटकलेली असतानाच बुशचे बोल्ट करकचून आवळतात. रबरी बुश त्या लटकत्या स्थितीत पकडले जातात, गाडी खाली आली की पिळवटतात आणि लवकर फाटतात. बोल्ट आधी नुसते बसवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, हलवून घ्यायची आणि मग टॉर्क पान्याने कंपनीच्या मापाला आवळायचे.

काही हुशार लोक ड्रॅग लिंक सरळ करायला पिटमन आर्म (स्टीअरिंग बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणारा दांडा) तेवढा खाली उतरवणारा बसवतात. पॅनहार्ड तसाच तिरका सोडला तर दोन्ही रॉड समांतर राहत नाहीत. मग प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतःच स्टीअरिंग मारते. उतरवायचे तर दोन्ही, नाहीतर एकही नको.

हवेचा मुद्दा: कमी हवेने कधीकधी फडफड दबते, हे खरं. टायर तापतो आणि कड खातो, हेही खरं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरपासून सुरुवात करा आणि टायर मोठा असेल तर टायरवाल्याशी बोला.

आरटीओचं म्हणाल तर घाटात कोणी पट्टी लावून मोजत नाही, मान्य. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्यावर बंधन घालतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात त्याचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं. ‘काही म्हणत नाही’ आणि ‘चालतं’ यांत फरक आहे, तो क्लेम भरताना कळतो.

तर भाच्या, रविवारी नटाला हात लावायचा नाही. आधी पॅनहार्ड आणि बाकीचे सांधे तपास, जिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तिथे बदल. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड टाकून अ‍ॅक्सल मध्यावर आण. मग कॅस्टर बुश, मग टो, त्यानंतर ड्रॅग लिंकने स्टीअरिंग सरळ, आणि शेवटी स्कॅनरवर सेन्सरचा शून्य. हा क्रम उलटा केलास तर शेवटचं काम पुन्हा करावं लागेल. अलाइनमेंटच्या दुकानात गाडी रॅम्पवर चढवायच्या आधीच विचार, ‘प्रिंटवर दोन्ही चाकांचा कॅस्टर छापून मिळेल का?’ ‘त्याची काही गरज नसते’ असं उत्तर आलं तर गाडी मागे घे आणि दुसरं दुकान शोध.