बुर्किनीच्या मेसेजबद्दल खुलासा
गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून राह्यला, की मुस्लिम बाया बुरखा घालून समुद्रात पोहतात, कपडा पाणी पिऊन जड होते म्हणून फ्रान्सनं देशभर बंदी घातली. भाऊ, तसं नाही हो. तो बुरखा नाही, बुर्किनी आहे, म्हणजे अंग झाकणारा पोहायचा पोशाख, २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात अहेदा झनेटी या बाईनं डिझाइन केला, कापड स्विमसूटसारखंच हलकं, लवकर वाळणारं, डोकं झाकलेलं पण चेहरा उघडा. २०१६ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या काही शहरांनी बंदी घातली होती खरी, पण २६ ऑगस्टला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टानं त्यातल्या विलनव्ह-लुबे या शहराची बंदी थांबवली. तिथल्या स्विमिंग पूलचे नियम वेगळे. जड होते ती आपल्याकडची सुती ओढणी अन् सलवार, तलावात उतरणाऱ्या पोरींची काळजी असंन तं त्याबद्दल बोला. हा मेसेज पुढं पाठवू नका, पाठवला असंन तं डिलीट करा अन् तिथंच हे टाका.