"अरे, मला काही होतच नव्हतं"

मामाच्या शेजारी खुर्ची ओढून मी चार-चार तास बसलोय. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हातावरची दोरासारखी फुगलेली नस, तिच्यात दोन जाड सुया. एका नळीतून रक्त बाहेर जातं, दुसरीतून परत येतं. त्या नसेवर हलकं बोट ठेवलं की आत मधमाशी अडकल्यासारखी थरथर लागते. पहिल्यांदा मी हात झटकन मागे घेतला, तर मामा हसला. "थरथर आहे तोवर नस चालू. थांबली की पळापळ."

तिथंच एकदा विचारलं, "मामा, बीपीची गोळी तू सोडली का होतीस?"

"अरे, मला काही होतच नव्हतं."

मामा खोटं बोलत नव्हता. वाढलेलं बीपी दुखत नाही. शुगर वाढते तेव्हाही बरीच वर्षं काही जाणवत नाही. आणि या दोन्हींमुळे आतल्या आत खराब होत जाणाऱ्या मूत्रपिंडाकडे इतकी शिल्लक ताकद असते की माणूस एक मूत्रपिंड देऊन टाकूनही धडधाकट जगतो. त्यामुळे पायावर सूज, दम लागणं, मळमळ या तक्रारी सुरू होतात तेव्हा बहुतेक शिल्लक संपलेली असते. शरीर आधी ओरडत नाही, यात मामाचा काय दोष? (थोडा आहे. पण ते आमचं घरगुती भांडण.)

माझी तक्रार वेगळी आहे. एकटा माणूस असं वागला तर समजू शकतो, पण आरोग्याचा पैसा कुठं घालायचा हे ठरवणारेही नेमके मामासारखेच वागतात. काही होत नाहीये ना? मग प्रतिबंधावर, म्हणजे आजार होऊच नये यासाठी, कशाला खर्च!

एकेकाळी उपायच माहीत नव्हता, हे खरं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बघा. मार्च 1944 मध्ये हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा त्यांचं बीपी 186/108 होतं. वाढतं बीपी म्हणजे वयाचा भाग, असं तेव्हा बरेच डॉक्टरही मानत, आणि आजच्यासारखी औषधंही हाताशी नव्हती. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी बीपी 300/190 मोजलं गेलं. वय अवघं 63. म्हणजे जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाकडेही तेव्हा या दुखण्यावर धड उत्तर नव्हतं. तीन वर्षांनी, 1948 मध्ये, अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात 5,209 लोकांना गाठून वर्षानुवर्षं तपासत राहण्याचं काम सुरू झालं. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयविकाराशी संबंध आज आपण येता-जाता बोलतो, त्यातलं बरंचसं तिथून आलंय.

हे ज्ञान अख्ख्या प्रांतावर वापरून पाहिलं ते फिनलंडने. तिथल्या नॉर्थ करेलियात पुरुष ऐन कमावत्या वयात हृदयविकाराने जात होते. 1972 मध्ये पेक्का पुस्का नावाच्या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं: लोण्याचा मारा कमी, मीठ कमी, सिगारेट कमी, बीपी मोजायचं आणि आटोक्यात ठेवायचं. पस्तीसेक वर्षांत तिथल्या कमावत्या वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले.

आता गंमत बघा. यातून जे वाचले, त्यांतल्या एकालाही सांगता येणार नाही की "मी वाचलो". आलाच नाही तो झटका कुणाला आठवणार? बायपास झालेला माणूस टाके दाखवतो, डॉक्टरांच्या पाया पडतो. नव्या हृदयविभागाची फीत कापता येते, फोटो येतो. निकामी न झालेल्या मूत्रपिंडाची फीत कशी कापणार? माझ्या मते पैसा तिकडे न जाण्याचं मुख्य कारण हेच आहे, अज्ञान नव्हे.

यावर प्रतिबंधाच्या बाजूची मंडळी एकच पालुपद लावतात: आज खर्च करा, उद्या उपचारांचा पैसा वाचेल. मीही हे लिहीत आलोय. आता थांबलोय, कारण ते अर्धंच खरं आहे. 2008 मध्ये अमेरिकी संशोधकांनी अशा शेकडो हिशोबांची छाननी केली, तेव्हा प्रतिबंधाचे पाचातले जेमतेम एखादेच उपाय निव्वळ पैसे वाचवणारे निघाले. पण उपचारांचंही प्रमाण साधारण तसंच निघालं! फरक एवढाच, की उपचारांना तो प्रश्न कुणी विचारत नाही. डायलिसिसच्या मशीनला कधी कुणी म्हणालंय का, "तू पैसे वाचवतोस का, ते आधी दाखव"? तिथं आपण आयुष्य विकत घेतो आणि गप्प बसतो. मग न बिघडलेली वीस वर्षं विकत घ्यायची म्हटली की लगेच वही का उघडते?

जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये गरीब देशांसाठी हिशोब मांडला होता: एका डॉलरमागे समाजाला किमान सात डॉलरचा परतावा. पण तो येतो लोक कामावर टिकल्याने, जास्त जगल्याने. म्हणजे खर्च आरोग्य खात्याच्या वहीत आणि जमा दुसऱ्याच कुणाच्या, तीही बऱ्याच वर्षांनी. त्या खात्यातल्या माणसाने कशाला जीव टाकायचा?

"लोकच ऐकत नाहीत, सरकार काय करणार" हेही फार ऐकलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 3,234 लोकांवरचा अमेरिकी अभ्यास 2002 मध्ये छापून आला. वजन थोडं घटवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालणं, एवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने 31 टक्क्यांनी. पण त्या लोकांना नुसतं "चालत जा" म्हणून घरी पाठवलं नव्हतं. प्रत्येकामागे एक प्रशिक्षक होता, सोळा धडे होते, फोन होते. सल्ला फुकट असतो. पाठपुराव्याला पगार लागतो.

आणि हो, प्रतिबंधाच्या नावाखाली खपणारं सगळंच मला पटत नाही. काहीही होत नसताना सरसकट साठ तपासण्यांचं पॅकेज केल्याने आयुष्य वाढतं, असं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. मला हवंय ते अगदी कंटाळवाणं आहे. बीपी मोजायला कुणीतरी, गोळी अखंड मिळत राहणं, तंबाखूवर जबर कर. आणि एक नायलॉनचा धागा.

धागा म्हणजे खरंच धागा, मासे पकडायच्या गळाला असतो तसा. तळव्यावर टेकवून दाबला की बरोबर 10 ग्रॅम भाराला वाकतो. तो टेकलेला कळला नाही, तर शुगरमुळे पायाची जाणीव गेलीय असं समजायचं. मग चप्पल बदलायची, रोज तळवे बघायचे. नाहीतर खडा टोचतो, कळत नाही, जखम चिघळते आणि कधी कधी पाय कापायची वेळ येते. दोन मिनिटांचं काम. मामाला शुगर होऊन पंधरा वर्षं झाली होती, तोवर एकदाही कुणी त्याचे मोजे काढायला लावले नव्हते.

शेवटी डायलिसिसच्याच खोलीत एका सिस्टरने ते केलं. म्हणाल्या, "काका, डोळे मिटा, लागलं की 'हो' म्हणा." अंगठ्याखाली टेकवला, मग चवड्याला, मग करंगळीजवळ. मी बघत होतो, प्रत्येक वेळी धागा वाकत होता. त्यांनी धागा डबीत ठेवला, डबी बंद केली.

मामा डोळे मिटूनच म्हणाला, "हं, करा सुरू."