पुन्हा तेच चलान, पुन्हा तीच फाइल

चोपडा काय, शहादा काय, ग्रुपवर 'आरटीओ चलान डॉट एपीके' आली की आप्पा-तात्या दाबून मोकळे! अरे, एपीके म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, खरं चलान तसल्या फाइलने येत नाही. आधी अनोळखी ॲपला परवानगी देता, मग एसएमएस वाचायचीही. झालं, ओटीपी थेट चोराच्या हाती, वर तीच फाइल तुमच्या नावाने अख्ख्या भाऊबंदकीला! दाबलंच, तर फ्लाइट मोड लावा, वायफायही बंद, आणि दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० ही सायबर हेल्पलाइन व बँकेला फोन. पैसा खात्या-खात्यांतून पुढे सरकला की गोठवणं अवघड. ठाण्यात 'हद्द आमची नाही' म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या कायद्याचं कलम १७३ दाखवा. हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवावा लागतो. पण नाही, 'पोरगा पुण्याहून आला की बघू'!